राहणार कुठले

हे घडलं २०२४ साली, वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी. दुबईत त्या दिवशी दुपारपासूनच रस्ते बंद व्हायला लागतात आणि आतषबाजी बघायला निघालेल्या माणसांनी मेट्रो भरून जाते. आम्ही मात्र उलट्या दिशेने, करामा या आमच्या वस्तीतून देरा भागात निघालो होतो. माझ्या पर्समध्ये आत्मारामांचे सगळे पासपोर्ट होते, जुने नि नवा, रबरबँड लावलेले.

आत्माराम म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण या गोष्टीत घोटाळा नको म्हणून नाव लिहिते. ते तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. बरोबर आमचा मुलगा श्रीनाथ आणि त्याची मुलगी उर्वी. उर्वीला संध्याकाळी मैत्रिणींबरोबर जायचं होतं, पण आजोबांच्या गुडघ्यांना जिने जमत नाहीत म्हणून ती हात धरायला आली होती.

देरात संजनाचं ऑफिस होतं. संजना चार्टर्ड अकाउंटंट, मूळची सांगलीची, आणि इथल्या मराठी घरांची भारतातली इन्कम टॅक्सची कामं बघायची. दुबईत पगारावर कर नाही, त्यामुळे आमच्या लोकांना वाटतं की करातून आपण सुटलो. भारतात एखादी ठेव असते, एखादं भाड्याने दिलेलं घर असतं, आणि त्यासाठी तिकडे दरवर्षी विवरणपत्र भरावं लागतं. त्या विवरणपत्रात पहिल्याच पानावर एक प्रश्न असतो: तुम्ही निवासी की अनिवासी? आमचं सगळं त्या एका प्रश्नावर अडलं होतं.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

मी १९८१ साली इथे आले. करामातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही आणि एक मालवणी कुटुंब, मधे पडदा. रत्नागिरी-चिपळूणकडची एकटी राहणारी मुलं गोदीवर कामाला असायची. त्यांना तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण मिळत नसे. मी माझ्या चुलीवर त्यांचे डबे सुरू केले. चूल म्हणायची सवय, होता गॅसच. पुढे आत्मारामांनी नोकरी सोडली, धंद्याचं लायसन्स काढलं, मोठं किचन घेतलं. आता आमच्या व्हॅन रोज पहाटे जबल अलीच्या मजूर-कॅम्पांवर डबे घेऊन जातात. सगळं श्रीनाथ बघतो. पण तेव्हा लायसन्सवर नाव आत्मारामांचंच होतं आणि बँकेतली खातीही त्यांचीच.

एवढी वर्षं इथे काढूनही या माणसाने स्वतःला इथला मानलं नाही. पूर्वी मुंबई विमानतळावर उतरताना एक कार्ड भरावं लागायचं. त्यात 'राहण्याचा देश' असा रकाना असे. आत्माराम दरवेळी तिथे भारत लिहायचे. एकदा काउंटरवरच्या साहेबाने विचारलं, "अहो, व्हिसा दुबईचा, मग राहता कुठे?" तर म्हणाले, "राहतो गुहागरला. दुबईला कामाला जातो." मागे रांग खोळंबलेली. साहेब हसला आणि शिक्का मारला. आत्माराम पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट जिंकल्यासारखी सांगायचे.

२०१७ साली गावची वाडी विकायला निघाली. नारळ-पोफळीची वाडी, एके काळी आमच्याच घराण्यातली, नंतर चुलत घराकडे गेलेली. फाटकाशी सासऱ्यांनी लावलेला फणस होता. आत्मारामांनी मागचापुढचा विचार न करता ती घेतली. खरेदीखतावर 'राहणार' म्हणून गावचाच पत्ता घातला. वाडीत दोन खोल्या बांधल्या आणि त्यात धाकटा भाऊ प्रल्हाद आणि त्याची बायको मुक्ता राहू लागली. "आणखी दोन वर्षं," आत्माराम म्हणायचे, "मग मी फणसाखाली खुर्ची टाकून बसणार." ती दोन वर्षं संपेनात. मधे करोना आला, मग एका गुडघ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. वाडी आम्ही बघायचो ती दर शुक्रवारी फोनवर. प्रल्हाद फोन हातात धरून फिरवायचा. विहीर, पाट, नवी रोपं. आत्माराम इकडून सांगायचे, "त्या कोपऱ्यातल्या माडाला मीठ घाल रे."

आखातात राहणाऱ्या प्रत्येक घराचा गावी एक माणूस असतो. भारतातलं सिमकार्ड त्याच्याकडे, आधारला जोडलेला नंबर त्याचा, बँकेचा निरोप त्यालाच जातो. आमचा माणूस प्रल्हाद. आत्मारामांचं विवरणपत्रही तोच तालुक्याच्या गावी एकाकडून भरून घ्यायचा. तो करवाला विचारी, "भाऊ कुठे राहतात?" प्रल्हाद सांगे, "इथेच, आमच्या वाडीत." त्याला भावानेच तसं सांगितलं होतं. मग निवासी म्हणून, ज्येष्ठ नागरिक म्हणून ज्या सवलती मिळतात त्या सगळ्या लागू व्हायच्या. करमाफीची मर्यादा जास्त, ठेवीच्या व्याजावर सूट. कापलेला कर परत यायचा आणि प्रल्हादचा आनंदाने फोन यायचा. "दादा, यंदाही सरकारकडून आणले परत!" आत्माराम ते पैसे गावच्या शाळेला देऊन टाकायचे. त्यांना पैशांचं काहीच नव्हतं. सरकारने आपल्याला गावचा म्हातारा मानलं, याचंच सुख.

आणि इथल्या बँकेने जेव्हा फॉर्म दिला, कराच्या दृष्टीने तुमचा देश कोणता, तेव्हा तिथेही त्यांनी भारतच लिहिलं. त्यावरूनच बँक त्यांच्या खात्यांची माहिती भारताला कळवू लागली.

२०२४च्या नोव्हेंबरात प्रल्हादच्या फोनवर आयकर खात्याचा निरोप आला. परदेशात तुमची खाती असल्याची माहिती आमच्याकडे आली आहे, विवरणपत्रात ती दाखवली आहेत का ते तपासा. प्रल्हादने तो आम्हाला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे काय आहे?"

श्रीनाथ तो घेऊन संजनाकडे गेला. दोन दिवसांनी आम्हा दोघांनाही नेलं.

"काका," संजना म्हणाली होती, "निवासी असाल तर जगभरातली कमाई भारतात दाखवायची आणि त्यावर कर भरायचा. किचनचा सगळा नफा त्यात आला. परदेशातली खाती दाखवली नाहीत तर दंड वेगळा. दहा लाखांपर्यंत, आणि तो एकेका वर्षाचा."

श्रीनाथ मोठ्याने हिशेब करायला लागला. "टेन लॅक्स म्हणजे त्रेचाळीस हजार दिरहम. दर वर्षाचे. आणि कर त्याच्यावर. आई, किचन विकावं लागेल. सगळं बंद."

"पण तुम्ही निवासी नाहीच आहात," संजना म्हणाली. "पाच वर्षांत तुम्ही भारतात पाऊलही टाकलेलं नाही. साधी चूक आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरू, अनिवासी म्हणून. ज्येष्ठांची सवलत जाईल, थोडा कर भरावा लागेल. मागच्या वर्षांसाठी पासपोर्टचे शिक्के आहेत, उत्तर देता येईल. भारतात आणखी काही आहे का? घर, जमीन?"

आत्माराम खुलले. वाडीचं सांगायला त्यांना नेहमीच आवडतं. माड किती, पोफळी किती, घेतली कधी. संजनाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"शेतजमीन? विकत घेतली? दुबईत राहत असताना?"

अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन, बागायत विकत घेता येत नाही. आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. वारशाने मिळाली तर ठेवता येते. विकत नाही. म्हणजे आत्माराम अनिवासी लिहितील तर वाडी हातची जाणार. ती भारतात राहणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या नावे करून द्यायची आणि रिझर्व्ह बँकेकडे चूक कबूल करून दंड भरायचा. निवासी लिहितील तर वाडी राहील, पण करामातलं सगळं जाईल.

"दोन्ही नाही का लिहिता येत?" त्यांनी विचारलं होतं. लहान मुलासारखं.

त्यानंतर महिनाभर ते कोणाशी धड बोलले नाहीत. श्रीनाथने विनवण्या केल्या, आवाज चढवला. ते एकच म्हणायचे, "मी अनिवासी लिहिणार नाही. माझा बाप तिथे गेला, मीही तिथेच जाणार." शेवटी एकतीस तारखेला सकाळी ते आपणहून तयार होऊन बसले. सही करणार का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जाऊन बघू तरी."

संजनाच्या ऑफिसात बाकी सगळे सुट्टीवर गेले होते. तिने विवरणपत्र भरून तयार ठेवलं होतं. फक्त तो पहिला रकाना कोरा सोडला होता. उर्वीने वाकून स्क्रीनकडे पाहिलं.

"आजोबा, इट्स जस्ट अ ड्रॉपडाउन."

"तुझ्यासाठी असेल," आत्माराम म्हणाले.

"काका, आधी लॉगिन तर करू," संजना म्हणाली. "पासवर्ड त्या करवाल्याकडे आहे आणि तो फोन उचलत नाही. आपण नवा करू. आधारवर ओटीपी येईल, तो प्रल्हादकाकांच्या फोनवर."

श्रीनाथने फोन लावला, स्पीकरवर. प्रल्हादने लगेच उचलला, जणू फोन हातातच धरून बसला होता.

"काका, एक ओटीपी येईल. सहा आकडे. तेवढे वाचून दाखवा."

"कशाचा?"

"बाबांचं विवरणपत्र सुधारायचंय. अनिवासी म्हणून."

"दादा काय म्हणतो?"

"बाबा इथेच बसलेत."

"दादाला बोलू दे."

आत्माराम टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-बंद करत राहिले.

"अनिवासी लिहिलं की वाडी जाते ना रे?" प्रल्हाद म्हणाला. "मी इथे विचारून आलोय. मग मी कसा देऊ आकडे? दादाने स्वतः म्हणू दे."

आणि इथे श्रीनाथचा तोल गेला. महिनाभराची झोप नव्हती त्याला. "जाते म्हणजे कुठे जाते, काका? शेतकऱ्याच्याच नावावर करावी लागणार. घरात शेतकरी कोण? तुम्ही! इतकी वर्षं निवासी, निवासी लिहीत बसलात, आता शेवटी वाडी कोणाला मिळणार? मला सगळं कळतं."

"श्रीनाथ!" मी म्हटलं.

फोन कट झाला होता.

पुन्हा लावला तर बंद. पुन्हा, बंद. संजना खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर लोक नटूनथटून मेट्रोकडे चालले होते. आत्माराम मुलाकडे बघत होते.

"तो आठ वर्षांचा होता तेव्हा मी त्याला शाळेत घातला," ते म्हणाले. "मी इथे आलो तेव्हा धक्क्यावर रडत उभा होता. त्याला तू चोर म्हणालास."

"मी चोर नाही म्हणालो, बाबा."

"मग काय म्हणालास?"

श्रीनाथने आपला फोन माझ्याकडे सरकवला.

मी त्यावरूनच मुक्ताला लावला. जावा-जावा म्हणून आमचं बरं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा प्रल्हाद हाफपँटमध्ये होता. त्याचं मुक्ताशी लग्न मीच जमवलं. स्पीकर तसाच चालू राहिला होता, ते माझ्या लक्षात आलं नाही.

"मुक्ता, भावोजी कुठेत?"

"सड्यावर गेलेत," ती म्हणाली. गावाच्या वर कातळाचं मोठं पठार आहे, त्याला आम्ही सडा म्हणतो. "रागावले की तिकडेच जातात. वहिनी, तुमचा श्रीनाथ काय बोलला हो?"

"चुकलं त्याचं. फार चुकलं."

"वाडी लाटायला बसलेत म्हणे हे! अहो, दरवर्षी सुपारीचे पैसे निघतात ते कोणाच्या खात्यावर घालतात, विचारा त्याला. दादांच्या. आणि फणस पडला तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत."

"कुठला फणस?"

"फाटकाजवळचा. तौक्ते वादळात गेला की, मुळासकट. तीन वर्षं झाली. दादांना सांगू नकोस म्हणाले. पुन्हा ऑपरेशन आहे, मनाला लावून घेईल. म्हणून तर दर शुक्रवारी फोन विहिरीच्या बाजूने धरतात. मी म्हणते, किती दिवस धरणार?" ती एकदम थांबली. "वहिनी, दादा ऐकत नाहीत ना?"

मी आत्मारामांकडे पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते.

"नाही," मी म्हटलं. काय म्हणणार? "मुक्ता, भावोजींना सांग, दादाला त्यांच्याशी बोलायचंय. वाडीचं नंतर. आधी बोलायचंय."

मी फोन ठेवला. उर्वीला सगळं मराठी कळलं नव्हतं, पण फणस कळलं असावं. आजोबा तिला नेहमी फणसाच्याच गोष्टी सांगायचे. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

बराच वेळ गेला. संजनाने दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि दोनदा पाहिलं नाही असं दाखवलं. भारतात घड्याळ आमच्या दीड तास पुढे असतं. तिकडे दिवस मावळला होता. मशिदीतून मगरिबची अजान झाली. आणि प्रल्हादचा फोन आला. आवाजात वारा, आणि दम लागलेला.

"दादा! दादा, मुदत वाढली! आत्ता बातमी आली फोनवर. पंधरा जानेवारीपर्यंत. आज काही करायला नको!"

श्रीनाथ उठून उभा राहिला. आत्मारामांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना. पंधरा दिवस. तेवढ्यात कोणी काही मार्ग काढेल, कायदा बदलेल, काहीही होईल. माणूस किती थोडक्यावर आशा लावतो.

संजना आपल्या स्क्रीनवर वाचत होती. तिने दोनदा वाचलं.

"वाढली आहे," ती सावकाश म्हणाली. "पण काका, फक्त निवासींसाठी. अनिवासींची मुदत आजचीच आहे."

"काय म्हणते ती?" प्रल्हाद विचारत होता. "दादा, काय म्हणते?"

आत्माराम हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. ते हसू चांगलं नव्हतं.

"ती म्हणते, मुदत हवी असेल तर आधी मी कुठला ते सांगायचं," ते म्हणाले. "प्रल्हाद, फणस कसा आहे रे?"

वाऱ्याचा आवाज.

"चांगला आहे," प्रल्हाद म्हणाला.

"यंदा किती लागले?"

"लागलेत... बऱ्यापैकी."

"प्रल्हाद."

"नाही रे दादा," प्रल्हाद एकदम म्हणाला. "नाही फणस. गेला. वादळात गेला. तुला कसं सांगणार होतो? तू दर शुक्रवारी विचारायचास. मी म्हटलं तू येशील तेव्हा बघशील, तोवर दुसरा लावू. दुसरा लावलाय. एवढासा आहे अजून."

आत्मारामांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी चारचौघांत कधी तसं केलं नव्हतं.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "ज्या माणसाच्या दारातला फणस पडून तीन वर्षं झाली आणि त्याला माहीत नाही, तो माणूस तिथे राहतो असं कुठल्या तोंडाने लिहायचं?"

"ते माझ्यामुळे झालं, दादा. मी लपवलं."

"तू लपवलंस म्हणून झालं नाही. मी नव्हतो म्हणून झालं. असतो तर माझ्या डोळ्यांसमोर पडला असता. वाडीत तू राहतोस. मुक्ता राहते. वाडीला पाणी तू घालतोस. मी करामात राहतो. आकडे दे."

"दादा, मला नको ती वाडी. लोक म्हणतील. घरातलेच म्हणतात."

"काका," श्रीनाथ म्हणाला. "काका, मी... सॉरी. मी ओरडलो."

"तू गप," आत्माराम त्याला म्हणाले, आणि फोनकडे वळले. "तुला देत नाही मी काही. जो राहतो त्याचं नाव लागतंय, एवढंच. मी येईन तेव्हा तू मला ठेवून घ्यायचंस. घेशील की नाही?"

"हे काय विचारणं झालं?"

"मग आकडे दे. माझ्या गुडघ्यांना फार वेळ बसवत नाही."

संजनाने बटण दाबलं. आम्ही वाट बघत बसलो. सड्यावर प्रल्हाद, इकडे आम्ही.

"आला," तो म्हणाला. "चार... सात... एक..."

आणि आवाज गेला. नुसती खरखर. श्रीनाथ "हॅलो, हॅलो" करत राहिला. स्क्रीनवरचा वेळ संपत गेला, संपला. संजनाने ओटीपी पुन्हा पाठवला. फोन लागेना. उर्वीने आपल्या फोनवरून लावला, लागेना. आत्माराम आता स्वतःच बटणं दाबत होते. महिनाभर जे लिहायला तयार नव्हते, ते आता लिहू दिलं जात नाही म्हणून घाबरले होते.

"अहो, तो सड्याच्या काठावर उभा असेल," मी म्हटलं. "समुद्राकडच्या बाजूला रेंज जाते. देवळाकडे जायला हवं."

"त्याला कसं कळणार?"

"त्याला कळतं. तो तिथे राहतो."

कळलंच त्याला. फोन वाजला तेव्हा मागे देवळातल्या घंटेचा आवाज येत होता. या वेळी त्याने आकडे एका दमात वाचले, शाळेत पाढे म्हणतात तसे. संजनाने घातले. लॉगिन झालं. तिने तो रकाना समोर आणला आणि माऊस आत्मारामांच्या हाताशी सरकवला.

"मी करू का, आजोबा?" उर्वीने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मीच करतो. दाखव फक्त कुठे."

त्यांनी अनिवासी निवडलं. खाली सवलतींचा जो भाग होता, ज्येष्ठ नागरिक वगैरे, तो आपोआप बदलला. भरायचा थोडासा कर वर दिसला. श्रीनाथने फोनवरूनच भरला. विवरणपत्र गेलं. संजनाने पोचपावती छापून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी वाचली नाही, माझ्या पर्समध्ये पासपोर्टांच्या रबरबँडखाली खोचली.

"प्रल्हाद, आहेस का?" त्यांनी फोनवर विचारलं.

"आहे."

"अंधार पडला असेल. सांभाळून उतर. घरी गेलास की व्हिडिओ लाव."

"आता? दिसणार काय?"

"फाटकाच्या बाजूने धर. टॉर्च घे. नवा फणस दाखव."

आम्ही परत निघालो तेव्हा मेट्रोत उभं राहायला जागा नव्हती. एका बंगाली मुलाने आत्मारामांना जागा दिली. बुरजुमान स्टेशनच्या आसपास व्हिडिओ आला. टॉर्चच्या उजेडात एक काठी, तिला बांधलेलं गुडघ्याएवढं रोप, चार पानं आणि प्रल्हादची चप्पल. आत्मारामांनी तो शेजारच्या मुलाला दाखवला. तो म्हणाला, "कटहल? हमारे यहाँ भी है।"

पुढे काय झालं ते लिहिते.

वाडी २०२५च्या उन्हाळ्यात भावाच्या नावे झाली. आत्मारामांनी अट घातली की सातबाऱ्यावर मुक्ताचंही नाव लागलं पाहिजे. मुक्ता नको नको म्हणाली आणि तलाठ्याकडे सगळ्यात आधी जाऊन बसली. रिझर्व्ह बँकेकडचा अर्ज बरेच महिने चालला. दंड झाला, भरला. मागच्या वर्षांबद्दल आयकर खात्याने विचारलं, त्याला पासपोर्टच्या शिक्क्यांनी उत्तर दिलं.

श्रीनाथ मे महिन्यात गावी गेला, दहा वर्षांनी. काकांची माफी मागायचं वाक्य त्याने विमानात पाठ केलं होतं. प्रल्हादने ते ऐकूनच घेतलं नाही. त्याला विहिरीतला गाळ काढायला उतरवलं. किचनचं लायसन्स आता श्रीनाथच्या नावावर आहे. कराचे कागद तो स्वतः वाचतो.

संजनाने देरा सोडलं आणि मोठ्या ऑफिसात गेली, पण आमचं काम अजून करते. करवाल्याकडून पासवर्ड काढून घेतला तो तिनेच. उर्वी शारजात नोकरीला लागली. तिला कोणी विचारलं तू कुठली, तर ती "करामा" म्हणते, आणि तिला त्यात काहीही अडचण वाटत नाही.

आत्माराम त्याच मे महिन्यात वाडीत राहायला गेले, भावाच्या घरात, मागच्या खोलीत. वाडी नावावर होती तेव्हा ते तिथे नव्हते. आता नावावर नाही आणि ते तिथेच आहेत. येत्या जुलैत त्यांना खरोखरच निवासी लिहिता येईल, म्हणून त्यांनी संजनाला फोन केला. ती म्हणाली, "हो काका, निवासी. पण इतकी वर्षं बाहेर होता ना, त्यामुळे सुरुवातीची वर्षं निवासी असूनही साधारण निवासी नाही, असा तिसरा प्रकार असतो."

"म्हणजे अजून प्रोबेशनवर!" ते म्हणाले, आणि संध्याकाळी फाटकाशी भेटेल त्याला सांगत सुटले.

माझी मिळकत नाही, म्हणून मी निवासी की अनिवासी हे मला कोणी कधी विचारलं नाही. मी दोन्हीकडे असते. इथला व्हिसा टिकवायचा तर सहा महिन्यांत एकदा यावंच लागतं, आणि मी येते. वाडीत असले की मला करामातली सकाळ आठवते, भाकऱ्यांचा धूर, खाली व्हॅनवाल्यांचं घाई करणारं "यल्ला, यल्ला". करामात असले की दर शुक्रवारी फोन येतो. आत्माराम तो फाटकाच्या बाजूने धरतात. फणस आता माझ्या खांद्याला लागेल एवढा झालाय.